गाडी तपासणाऱ्या ॲपचं लायसन्स ॲक्टिव्हेट होत नाही? पुन्हा पैसे भरण्याआधी हे तपासा



लायसन्स म्हटलं की आपल्याला आधी आरटीओ आठवतो. पण आजचं लायसन्स गाडी चालवायचं नाही, गाडी तपासायचं आहे. डॅशबोर्डवर पिवळा चेक इंजिन लाइट लागला की आता बरेच जण थेट गॅरेजला जात नाहीत. स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये एक छोटं डोंगल लावायचं, मोबाइलवर ॲप उघडायचं आणि गाडीची तक्रार वाचायची. काम सोपं आहे. अडचण येते ती ॲपचं प्रो व्हर्जन घेतल्यावर. पैसे कापले जातात, मेसेज येतो आणि ॲप म्हणतं, ‘लायसन्स इनव्हॅलिड’ किंवा ‘ॲक्टिव्हेशन फेल्ड’.

अशा वेळी लोक सहसा तीनपैकी एक गोष्ट करतात. ॲप डिलीट करून पुन्हा टाकतात, दुसऱ्यांदा पैसे भरतात, नाहीतर टेलिग्रामवर क्रॅक शोधतात. पहिल्याने काही वेळा फायदा होतो, दुसऱ्याने पैसे वाया जातात आणि तिसऱ्याने फोनच धोक्यात येतो. माझ्याकडे या विषयावर बरेच मित्र आणि दोन-तीन गॅरेजवाले विचारत असतात. त्यातून एक गोष्ट पक्की लक्षात आली आहे. हे लायसन्स नेमकं कशाला बांधलेलं आहे हे कळलं, की निम्मं काम झालेलं असतं.

आधी थोडक्यात: हे ॲप काय करतं?

गाडीत इंजिन सांभाळणारा एक छोटा कॉम्प्युटर असतो, त्याला ईसीयू म्हणतात. काही बिघाड दिसला की तो एक कोड साठवून ठेवतो. हा कोड वाचण्यासाठी गाडीत १६ पिनांचा ओबीडी पोर्ट असतो. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं. आपल्याकडे चारचाकी गाड्यांसाठी एप्रिल २०१० पासून ओबीडी-१ आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ आलं. म्हणून साधारण २०१३ नंतरची कार असेल तर साधं डोंगल आणि मोबाइल एवढ्यावर काम होतं.

एमिशनशी संबंधित मूळ कोड वाचणं हे सगळ्या कंपन्यांना समान आहे. ते बहुतेक फुकट ॲप्ससुद्धा करतात. पैसे लागतात ते पुढच्या गोष्टींना. एबीएस, एअरबॅग, त्या त्या कंपनीचे खास कोड, कोडिंग, जास्त सेन्सर्सचे आकडे. लायसन्सची भानगड इथूनच सुरू होते.

लायसन्स कशाला बांधलेलं असतं?

चार प्रकार आहेत. तुमचं ॲप कुठल्या प्रकारात बसतं ते आधी ओळखा.

१. अकाउंटला बांधलेलं. प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरून पैसे भरून घेतलेली ॲप्स. इथे तुमचा गुगल किंवा ॲपल आयडी हाच पुरावा असतो.

२. फोनला किंवा लॅपटॉपला बांधलेलं. ॲप तुमच्या डिव्हाइसचा एक आयडी काढतं आणि लायसन्स त्या आयडीसाठीच तयार होतं. लॅपटॉपवरचं फोरस्कॅन हे याचं चांगलं उदाहरण. फोर्ड गाड्यांसाठीच्या या सॉफ्टवेअरचं एक्स्टेंडेड लायसन्स त्या लॅपटॉपच्या हार्डवेअर आयडीवर दिलं जातं. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, पण इकोस्पोर्ट आणि फिगो आजही आपल्या रस्त्यांवर भरपूर आहेत. त्यामुळे हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो. एका लॅपटॉपची लायसन्स फाइल दुसऱ्यावर कॉपी केली तर ती चालणार नाही. आणि मोबाइलवरचं फोरस्कॅन लाइट हे वेगळं ॲप आहे, त्याला लॅपटॉपचं लायसन्स लागू होत नाही.

३. डोंगलला बांधलेलं. सॉफ्टवेअर कुणीही डाउनलोड करू शकतं, पण लायसन्स त्या केबलच्या किंवा डोंगलच्या आत असतं. फोक्सवॅगन आणि स्कोडा गाड्यांसाठी वापरलं जाणारं रॉस-टेकचं व्हीसीडीएस असं चालतं. आपल्या चाकणच्या प्लांटमध्ये बनलेली पोलो किंवा व्हेंटो ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे नाव ऐकलं असेल.

४. गाडीला बांधलेलं. लायसन्स गाडीच्या चेसिस नंबरवर दिलेलं असतं. व्हीसीडीएसच्याच एका इंटरफेसमध्ये ३ गाड्यांचं, १० गाड्यांचं आणि अमर्यादित गाड्यांचं असे प्रकार आहेत. ३ गाड्यांचं घेतलं आणि तीन मित्रांच्या गाड्यांवर वापरून टाकलं, तर चौथी गाडी पूर्णपणे चालणार नाही. हा बिघाड नाही, तुम्ही घेतलेला प्लॅनच तेवढा आहे.

काही सॉफ्टवेअरमध्ये यातले दोन प्रकार एकत्र असतात, जसं अकाउंट आणि डोंगल. म्हणून खरेदी करतानाच ‘फोन बदलला तर काय, गाडी बदलली तर काय’ हे दोन प्रश्न विचारून घ्या.

हा एरर खरंच लायसन्सचा आहे का?

हे विचारायला हवं, कारण बऱ्याच वेळा लायसन्स ठणठणीत असतं आणि ॲपचा गाडीशी संपर्कच झालेला नसतो. ‘अनेबल टू कनेक्ट’, ‘नो रिस्पॉन्स फ्रॉम ईसीयू’, ‘ॲडॉप्टर नॉट फाउंड’ असं काही दिसत असेल, तर तो लायसन्सचा प्रश्न नाही. इग्निशन ऑन आहे का, डोंगल पोर्टमध्ये घट्ट बसलंय का, ब्लूटूथची परवानगी दिली आहे का, हे बघा. अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी ‘निअरबाय डिव्हाइसेस’ ही वेगळी परवानगी लागते. अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीच्या फोनवर ब्लूटूथ डिव्हाइस शोधायला लोकेशनची परवानगी लागते. ती नाकारली असेल तर डोंगल दिसतच नाही. आणि लायसन्स डोंगलला बांधलेलं असेल तर ॲप ‘लायसन्स सापडलं नाही’ असंही म्हणू शकतं. त्याला बिचाऱ्याला डोंगलच दिसत नसतं!

साधी चाचणी सांगतो. डोंगल काढून ठेवा, मोबाइल डेटा चालू करा आणि घरात बसून ॲप उघडा. लायसन्स अकाउंटला बांधलेलं असेल, तर प्रो व्हर्जन इथेच दिसायला हवं. इथे दिसतंय आणि गाडीत गेल्यावर गडबड होतेय, तर दोष कनेक्शनचा. इथेही दिसत नसेल, तर दोष लायसन्सचा.

वायफाय डोंगलचा घोळ

हा मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण यात लोक हमखास अडकतात.

माझा एक मित्र पुण्याहून साताऱ्याकडे निघाला होता. खंबाटकी घाटाच्या अलीकडे चेक इंजिन लाइट लागला. त्याने बाजूला गाडी घेतली, डोंगल लावलं, ॲप उघडलं आणि उत्तर आलं, ‘लायसन्स व्हेरिफाय होऊ शकत नाही’. आदल्याच आठवड्यात त्याने पैसे भरले होते आणि घरी सगळं नीट चाललं होतं. फोनवर त्याने मला विचारलं तेव्हा मी एवढंच विचारलं, ‘तुझं डोंगल वायफायचं आहे का?’ होतं.

झालं असं, की वायफाय डोंगल स्वतःचं एक छोटं नेटवर्क तयार करतं. फोन त्याला जोडला की फोनच्या दृष्टीने तो ‘वायफायवर’ असतो. पण त्या वायफायला इंटरनेट नसतं, पलीकडे फक्त गाडी असते. अँड्रॉइड विचारतो, ‘या नेटवर्कला इंटरनेट नाही, तरी जोडून राहायचं?’ आपण हो म्हणतो. आता ॲपला लायसन्स तपासायला सर्व्हरपर्यंत जायचं असतं, पण विनंती जाते गाडीच्या वायफायमधून. साहजिकच उत्तर येत नाही. उलट आपण ‘नाही’ म्हटलं तर काही फोन गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतात आणि डोंगलचा संपर्क तुटतो. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

उपाय क्रमाने करा:

• डोंगलचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटा चालू करा.
• ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. प्रो किंवा प्रीमियम दिसेपर्यंत थांबा.
• मग ॲप बंद न करता वायफाय सेटिंगमध्ये जाऊन डोंगलला जोडा.
• इंटरनेट नाही असा इशारा आला तर ‘जोडून राहा’ निवडा.

मित्राचं काम यातच झालं. ऑक्सिजन सेन्सरचा कोड होता आणि गाडी सावकाश चालवत तो साताऱ्याला पोहोचला.

प्रवासाला निघण्याआधी घरून एकदा इंटरनेटवर ॲप उघडून ठेवलं तर हा त्रास कमी होतो. गुगल प्लेच्या लायसन्स तपासणीत मिळालेलं उत्तर ॲप काही काळ साठवून ठेवू शकतं, त्यामुळे प्रत्येक वेळी नेट लागेलच असं नाही. किती काळ, ते ॲप बनवणारा ठरवतो.

इथेच एक महत्त्वाची सूचना. चेक इंजिन लाइट स्थिर असेल तर ॲपशी झटापट करायला वेळ आहे. तो लुकलुकत असेल, किंवा ऑइलचा किंवा तापमानाचा लाल लाइट लागला असेल, तर ॲपची वाट बघू नका. गाडी सुरक्षित जागी थांबवा, इंजिन बंद करा आणि मेकॅनिकला फोन करा.

फोनमध्ये दोन गुगल अकाउंट आहेत?

आपल्यापैकी अनेकांच्या फोनवर एक स्वतःचं आणि एक कॉलेजचं किंवा ऑफिसचं अकाउंट असतं. कधी वडिलांचंही असतं, कारण कार्ड त्यांचं! ॲप ज्या अकाउंटवरून घेतलं त्याच अकाउंटवर लायसन्स राहतं. गुगल प्लेवरची खरेदी एका अकाउंटवरून दुसऱ्यावर हलवता येत नाही.

असं तपासा: प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडच्या फोटोवर टॅप करा, ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन ऑर्डर हिस्टरी बघा. तिथे ॲपचं नाव नसेल तर अकाउंट बदलून पुन्हा बघा. सापडलं की ॲप अनइन्स्टॉल करा, प्ले स्टोअरमध्ये तेच अकाउंट निवडून ठेवा आणि तिथूनच ॲप परत टाका. नुसतं अकाउंट बदलून भागत नाही, कारण ॲप कुठल्या अकाउंटवरून इन्स्टॉल झालं हे महत्त्वाचं असतं.

ॲप फुकट आहे आणि प्रो व्हर्जन ॲपच्या आत विकत घेतलंय, तर सेटिंगमध्ये ‘रिस्टोअर पर्चेस’ असं बटण शोधा. आयफोनवर तर हे बटण हमखास लागतं. फॅमिली लायब्ररीचाही गोंधळ होतो. गुगलच्या फॅमिली लायब्ररीत पैसे देऊन घेतलेलं ॲप घरच्यांना देता येतं, पण ॲपच्या आत केलेली खरेदी देता येत नाही. भावाने प्रो घेतलं आणि तुमच्या फोनवर दिसत नाही, याचं कारण बहुधा हेच.

फोन रिसेट केला आणि लायसन्स गेलं?

लायसन्स फोनला बांधलेलं असेल तर असं होऊ शकतं. पूर्वी ॲप्स फोनचा आयएमईआय वाचून ठेवायची, तो रिसेट केल्यावरही बदलत नाही. पण अँड्रॉइड १० पासून साध्या ॲप्सना आयएमईआय आणि सिरियल नंबर वाचायला बंदी आली. आपल्या प्रायव्हसीसाठी ते चांगलंच झालं. मग बरीच ॲप्स ‘अँड्रॉइड आयडी’ वापरायला लागली. हा आयडी फॅक्टरी रिसेट केला की बदलतो.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे अँड्रॉइड ८ पासून हा आयडी प्रत्येक ॲपला वेगळा दिसतो. तो ठरतो तीन गोष्टींवरून: फोन, फोनवरचा युजर आणि ॲपवर असलेली बनवणाऱ्याची डिजिटल सही. याचे दोन परिणाम लक्षात ठेवा.

• ‘ड्युअल ॲप’ किंवा ‘सेकंड स्पेस’मध्ये उघडलेलं ॲप फोनच्या दृष्टीने वेगळ्या युजरचं असतं. तिथे आयडी वेगळा, म्हणून लायसन्सही चालत नाही.
• बाहेरून आणलेल्या, बदल केलेल्या एपीके फाइलवर मूळ कंपनीची सही नसते. तिथेही आयडी वेगळा निघतो. म्हणजे तुमच्याकडे खरं लायसन्स असलं तरी अशा फाइलवर ते लागू होणार नाही.

रिसेट करण्याआधी किंवा फोन विकण्याआधी ॲपमध्ये ‘डिॲक्टिव्हेट’ किंवा ‘अनलिंक डिव्हाइस’ आहे का बघा आणि ते करून टाका. आधीच रिसेट झालं असेल, तर खरेदीचा पुरावा जोडून कंपनीला मेल करा आणि नव्या आयडीसाठी लायसन्स बदलून मागा.

डोंगल ओरिजिनल आहे का?

बाजारात ईएलएम ३२७ नावाने जे स्वस्त डोंगल मिळतं, ते बहुतेक वेळा नक्कल असतं. मूळ चिप कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. त्यांच्या पहिल्या आवृत्तीला कॉपीपासून संरक्षण नव्हतं, तिथून नकला सुरू झाल्या. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, नकला मात्र चालूच आहेत. तुमच्या डोंगलवर ‘व्हर्जन १.५’ लिहिलंय का बघा. एल्मने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती!

नक्कल डोंगल म्हणजे लगेच फेकून द्यायचं असं नाही. साधे कोड वाचायला त्यातली अनेक चालतात. पण काहींमध्ये निम्म्या कमांड्सच नसतात, आणि मग प्रो व्हर्जन घेऊनही एबीएस किंवा एअरबॅगचा भाग उघडत नाही. लोकांना वाटतं लायसन्स लागलं नाही. लायसन्स लागलेलं असतं, डोंगलला ती भाषा येत नसते. म्हणून आधी फुकट व्हर्जनवर तुमचं डोंगल आणि तुमची गाडी नीट बोलतात का ते बघा, मगच पैसे भरा.

डोंगलला लायसन्स बांधलेल्या सॉफ्टवेअरचं मात्र वेगळं आहे. तिथे नक्कल केबल घेतली तर ती आज चालेल, पण सॉफ्टवेअर ऑनलाइन अपडेट झालं की बंद पडू शकते. ‘अपडेट करू नका’ अशी चिठ्ठी लावून विकली जाणारी केबल दिसली, तर तिची किंमत कितीही आकर्षक असू दे, हात जोडा आणि पुढे चला.

कोड टाइप करताना होणाऱ्या चुका

हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण यात तासचे तास जातात.

चेसिस नंबर म्हणजेच व्हीआयएन १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी गोंधळ नको म्हणून. त्यामुळे आरसी बुकवर ‘ओ’सारखं दिसणारं जे काही आहे ते शून्यच आहे आणि ‘आय’सारखं दिसणारं एकच आहे. सुरुवातीची तीन अक्षरं कंपनी सांगतात. मारुती सुझुकीचा नंबर बऱ्याचदा ‘एमए३’ने, टाटाचा ‘एमएटी’ने आणि महिंद्राचा ‘एमए१’ने सुरू होतो. तुमचं तिथेच जुळत नसेल तर टाइप करण्यात चूक असू शकते. काही जुन्या गाड्या हा नंबर ॲपला आपोआप देत नाहीत. तिथे हाताने भरावा लागतो, तेव्हा शक्यतो गाडीवरची प्लेट बघून भरा.

ॲक्टिव्हेशन कोडला मात्र हा नियम लागू नाही, त्यात ओ आणि शून्य दोन्ही असू शकतात. म्हणून तो टाइप न करता मेलमधून कॉपी करा. कॉपी करताना शेवटी रिकामी जागा येते, ती काढा. आपल्या कीबोर्डवर मराठी चालू असेल तर अंक देवनागरीत पडत नाहीत ना हेही बघा. १२३ आपल्याला तेच दिसतं, सर्व्हरला नाही.

वर्गणी आपोआप का थांबते?

तुमचं लायसन्स महिन्याचं किंवा वर्षाचं असेल तर एक खास भारतीय कारण असू शकतं. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ऑटो-पेमेंटचे नियम लागू झाले. कार्डावरून आपोआप पैसे कापायचे असतील तर आधी ओटीपी देऊन मँडेट मंजूर करावं लागतं आणि पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवावं लागतं. मँडेट नोंदलेलं नसेल किंवा कार्ड बदललं असेल, तर वर्गणी गुपचूप थांबते. आपल्याला कळतं ते थेट ॲपमधल्या ‘लायसन्स एक्स्पायर्ड’वरून.

ऑर्डर हिस्टरीत ‘पेंडिंग’ दिसत असेल तर थांबा. यूपीआयमध्ये पैसे खात्यातून गेल्यासारखे दिसतात, पण स्टोअरकडे पोहोचायला वेळ लागू शकतो. या मधल्या काळात दुसऱ्यांदा पैसे भरू नका. चुकून दोनदा भरलेच, तर गुगल प्लेवर ४८ तासांच्या आत रिफंड मागणं सोपं असतं. त्यानंतर मात्र थेट ॲप बनवणाऱ्याशी बोलावं लागतं.

घड्याळ, व्हीपीएन आणि डीएनएस

फोनची तारीख चुकीची असेल तर सुरक्षित कनेक्शन होतच नाही. प्रत्येक सर्व्हरच्या प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते, आणि तुमचा फोन त्या मुदतीच्या बाहेर असेल तर तो सर्व्हरवर विश्वास ठेवत नाही. जुन्या टॅबवर बॅटरी पूर्ण संपली की तारीख मागे जाते. गॅरेजमध्ये कोपऱ्यात पडलेल्या टॅबचा हा ठरलेला आजार आहे. सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ ‘ऑटोमॅटिक’ करा.

जाहिराती अडवण्यासाठी अनेक जण प्रायव्हेट डीएनएस बदलतात किंवा व्हीपीएन लावतात. त्यात कधी लायसन्सचा सर्व्हरही अडतो. दोन्ही पाच मिनिटं बंद करा, ॲक्टिव्हेट करा, मग परत चालू करा.

क्रॅकबद्दल स्पष्टच बोलतो

‘भाऊ, मोडेड एपीके आहे ना, कशाला पैसे भरायचे?’ हे मला नेहमी ऐकायला मिळतं. पैसे कमी असतात हे मला कळतं. पण हिशोब नीट करा. ज्या फोनवर ही फाइल टाकताय, त्याच फोनवर तुमचं यूपीआय आहे आणि त्याच फोनवर बँकेचे ओटीपी येतात. गाडी तपासणाऱ्या ॲपला एसएमएस वाचायची किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी लागायचं काहीच कारण नाही. ती मागितली तर समजून जा.

लॅपटॉपवरचे क्रॅक तर सुरुवातीलाच ‘अँटिव्हायरस बंद करा’ असं सांगतात. माझ्या ओळखीच्या एका गॅरेजमध्ये असा क्रॅक टाकल्यावर गिऱ्हाइकांची बिलं असलेल्या सगळ्या फाइल्स लॉक झाल्या. स्कॅनर चालला दोन दिवस, बिलं गेली दोन वर्षांची.

गाडीचाही धोका आहे. कोड वाचणं वेगळं आणि ईसीयूमध्ये काही लिहिणं वेगळं. लिहिताना सॉफ्टवेअर मध्येच अडकलं तर गाडी सुरू न होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. एअरबॅग आणि ब्रेकच्या बाबतीत तर अशा सॉफ्टवेअरवर विसंबूच नये.

आणि कायदा आहेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ बी नुसार, पायरेटेड सॉफ्टवेअर जाणूनबुजून कॉम्प्युटरवर वापरलं तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. गॅरेज चालवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

पैसे नसतील तर फुकट व्हर्जन वापरा. चेक इंजिनचा कोड वाचायला ते बऱ्याच वेळा पुरतं.

कंपनीला मेल कसा करायचा?

‘ॲप चालत नाही, पैसे परत द्या’ एवढाच मेल केला तर उत्तर म्हणून चार प्रश्न येतात आणि दोन दिवस जातात. पहिल्याच मेलमध्ये हे द्या:

• ऑर्डर नंबर. गुगल प्लेचा नंबर ‘जीपीए’ने सुरू होतो आणि खरेदीच्या मेलमध्ये असतो.
• ज्या ईमेलवरून खरेदी केली तो ईमेल.
• फोनचं मॉडेल, अँड्रॉइड किंवा आयओएस आवृत्ती आणि ॲपची आवृत्ती.
• डोंगलचं नाव आणि प्रकार.
• एररचा पूर्ण स्क्रीनशॉट.
• याआधी तुम्ही काय काय करून बघितलं.

चेसिस नंबर फक्त लायसन्स गाडीला बांधलेलं असेल तरच द्या. आणि ॲक्टिव्हेशन कोडचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप किंवा टेलिग्राम ग्रुपवर मदत मागताना कधीच टाकू नका. तो कोड दुसऱ्या कुणी आधी वापरला तर तुमचं लायसन्स त्याच्या फोनवर जाऊन बसेल.

थोडक्यात, या क्रमाने तपासा

१. एरर लायसन्सचा आहे की कनेक्शनचा? डोंगल काढून, मोबाइल डेटावर ॲप उघडून बघा.
२. तारीख-वेळ ऑटोमॅटिक करा, व्हीपीएन आणि प्रायव्हेट डीएनएस बंद करा.
३. ऑर्डर हिस्टरीत खरेदी पूर्ण झालेली दिसतेय का, आणि कुठल्या अकाउंटवर?
४. ‘रिस्टोअर पर्चेस’ दाबा. नाही जमलं तर त्याच अकाउंटवरून ॲप पुन्हा टाका.
५. फोन रिसेट, ड्युअल ॲप किंवा बाहेरची एपीके यातलं काही आहे का?
६. डोंगल किंवा चेसिस नंबरला लायसन्स बांधलंय का? असेल तर दोन्ही जुळतात का बघा.
७. तरीही नाही, तर सगळी माहिती जोडून कंपनीला मेल करा.

एक लक्षात ठेवा, फोनला बांधलेल्या लायसन्समध्ये चौथी पायरी ओलांडून घाईघाईने फॅक्टरी रिसेट करू नका. त्याने आयडी बदलतो आणि सुटण्यासारखा प्रश्न आणखी किचकट होतो.

तुमच्या ओळखीत कुणी नवीनच डोंगल घेतलं असेल, किंवा कुणाच्या गॅरेजमध्ये टॅब ‘लायसन्स एरर’ दाखवत धूळ खात पडला असेल, तर हा लेख त्यांना नक्की पाठवा. पुढच्या लेखात चेक इंजिनचा कोड मिळाल्यावर तो वाचायचा कसा, म्हणजे ‘पी ०’ने सुरू होणाऱ्या त्या नंबरचा अर्थ काय, ते बघू.